एचबीएम फाइली ते ॲनोटेशन: हायबरनेटचं मॅपिंग बदलताना काय काय तपासलं

आमची कंपनी कोल्हापुरात सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सभासद, ठेवी, पिग्मी, कर्ज, जामीनदार, रोजकीर्द, तेरीज असं सगळं त्यात आहे. सॉफ्टवेअर जावात, डेटाबेस पोस्टग्रेस, आणि या दोघांना जोडणारी लायब्ररी म्हणून मध्ये हायबरनेट. जून २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात आम्ही त्याचं सगळं मॅपिंग जुन्या एक्सएमएलमधून ॲनोटेशनमध्ये आणलं आणि हायबरनेट ५.६ वरून ६.५ वर गेलो. काम सुरू करण्याआधी मी बरीच शोधाशोध केली. सुटी सुटी उत्तरं पुष्कळ मिळाली, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंतची हकिगत कुठे मिळाली नाही. ज्यांच्या टेबलावर असलंच जुनं काम येऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

नव्याने शिकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. जावातला सभासदाचा क्लास आणि डेटाबेसमधलं सभासदांचं टेबल यांची सांगड कशी घालायची, कोणतं फील्ड कोणत्या कॉलममध्ये जाणार, कर्जखातं उघडलं की त्याचे जामीनदार लगेच आणायचे की मागितल्यावर, हे सगळं हायबरनेटला मॅपिंगमधून सांगायचं असतं. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी हायबरनेट सुरू केलं तेव्हा हे सांगायची जागा म्हणजे एक्सएमएल फाइल. २००६ मध्ये जेपीए, म्हणजे जावातलं याच कामाचं प्रमाणित स्वरूप, आलं आणि तेच क्लासमध्येच ॲनोटेशनने लिहायची सोय झाली. आमचं मूळ सॉफ्टवेअर त्यानंतरचं असूनही एक्सएमएलवरच उभं होतं, कारण ज्यांनी पाया घातला त्यांना तेच सवयीचं होतं. ते लोक आता कंपनीत नाहीत. प्रत्येक क्लासमागे एक एचबीएम फाइल (हायबरनेटच्या मॅपिंगची एक्सएमएल फाइल), अशा शंभरावर फाइली आमच्याकडे होत्या.

कामाला निमित्त झालं ते एका पतसंस्थेच्या आयटी ऑडिटचं. आमचं ॲप्लिकेशन ज्या जावा फ्रेमवर्कवर चालतं त्या स्प्रिंग बूट २.७ ची शेवटची मोफत आवृत्ती, २.७.१८, नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळणं बंद झालं आणि ऑडिटरने अहवालात तसा शेरा मारला. स्प्रिंग बूट ३ घ्यायचं तर जावा १७ हवं, हायबरनेट ६ हवं, आणि पॅकेजच्या नावांत सगळीकडचं जावाएक्स जाऊन जकार्ता यायला हवं. हायबरनेट ६ एचबीएम फाइली वाचतं, पण त्या आता कालबाह्य ठरवल्या आहेत. म्हणजे आज टाळलं तरी काही वर्षांनी हेच काम पुन्हा दारात. सोमवारी, १० जूनला बैठक झाली आणि काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. लोकांच्या पैशाचं सॉफ्टवेअर आहे. एखाद्या ठेवीचं व्याज चुकीच्या कॉलममध्ये गेलं तर त्याची माफी कोणत्या तोंडाने मागायची?

सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवून घेतल्या आणि पुढे त्यांचाच सगळ्यात मोठा आधार झाला. एक, आधी हायबरनेट ५.६ वरच राहून एक्सएमएलचं ॲनोटेशन करायचं, आवृत्ती त्यानंतर बदलायची. दोन्ही एकदम केलं असतं तर काही बिघडल्यावर ते कशामुळे बिघडलं हे कळायला मार्गच उरला नसता. दुसरी, या सगळ्या कामात डेटाबेसमधला एकही कॉलम, एकही टेबल बदलायचं नाही. बदल फक्त जावाच्या बाजूला. त्यामुळे चालू केल्यावर काही अडलं तर जुनी जार फाइल परत लावली की झालं. आमचे डीबीए सर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, एरवी कुठल्याही बदलाला आधी नाही म्हणणारे, पण हे ऐकल्यावर म्हणाले, "मग माझी काही हरकत नाही, मॅडम. फक्त व्हॅलिडेट लावा, अपडेट कुठेही दिसता कामा नये." हायबरनेटच्या डीडीएल-ऑटो या सेटिंगबद्दल ते बोलत होते. ते 'अपडेट' असलं तर हायबरनेट स्वतःच टेबलात कॉलम घालत सुटतं. 'व्हॅलिडेट' असलं तर नुसतं पडताळतं, आणि जुळलं नाही तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही.

खऱ्या डेटाशिवाय हे काम तपासता येत नाही, आणि खरा डेटा संस्थेचा. आधी वाटलं होतं की फोनवर काम होईल. व्यवस्थापक साहेबांनी स्पष्ट सांगितलं की लेटरहेडवर अर्ज द्या, संचालक मंडळाच्या मासिक सभेत ठराव झाला तरच प्रत मिळेल. त्यांचं बरोबरच होतं. अर्जात आम्ही लिहिलं: प्रत कशासाठी हवी, कुठे ठेवणार, कोण कोण बघणार, कधी पुसणार. आधार, पॅन, मोबाइल क्रमांक आणि पत्ते संस्थेच्याच कार्यालयात झाकून मग बाहेर पडतील, हेही लिहून दिलं. जुलैअखेर पंचगंगेला पूर आला आणि सभा पुढे गेली. ठरावाची नक्कल हातात पडली ती ऑगस्टच्या मध्यावर. स्टॅम्प पेपरवरचा गोपनीयता करार आणि नोटरी मिळून खर्च हजाराच्या आत. चाचणीसाठी वेगळा सर्व्हर भाड्याने घेतला, त्याला महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पडले. या कामातला रोख खर्च इतकाच, बाकी सगळा माणसांचा वेळ. तुमचंही काम असलं असेल तर कोड उघडायच्या आधी हा अर्ज टाका. परवानगीची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो कामाच्या कुठल्याच टप्प्यात जात नाही.

वाट पाहत असताना जे केलं त्यानेच पुढचं सगळं काम सोपं झालं. मॅपिंगच्या फाइलीत जे लिहिलेलं असतं ते वाचता येतं. पण जे लिहिलेलं नसतं तिथे हायबरनेट स्वतःचा डिफॉल्ट लावतं, आणि एक्सएमएलचे डिफॉल्ट व ॲनोटेशनचे डिफॉल्ट वेगळे आहेत. म्हणून दोन्ही फाइली शेजारी ठेवून डोळ्यांनी तपासायचं मी सोडून दिलं. हायबरनेटला शेवटी जे समजलं, तेच त्याच्याकडून लिहून घ्यायचं ठरवलं.

त्यासाठी हायबरनेटमध्ये इंटिग्रेटर नावाचा इंटरफेस आहे. तो लिहिला की सेशनफॅक्टरी, म्हणजे हायबरनेटचा मुख्य ऑब्जेक्ट, तयार होताना हायबरनेट आपल्या हातात मेटाडेटा देतं. त्यात प्रत्येक एंटिटी, तिचं टेबल, प्रत्येक प्रॉपर्टी, तिचा कॉलम, टाइप, लेझी (मागितल्यावर आणायचं) आहे की ईगर (लगेच आणायचं), कॅस्केड (एकावरची क्रिया जोडलेल्यांवरही करायची का) काय, कलेक्शन इन्व्हर्स (नात्याची नोंद पलीकडची बाजू ठेवते असं) आहे का, ॲक्सेस फील्डने की प्रॉपर्टीने, हे सगळं असतं. हे सगळे डिफॉल्ट लागून झाल्यानंतरचं चित्र. मी ते एका टेक्स्ट फाइलमध्ये छापून घेतलं (पुढे हिलाच डम्प म्हटलं आहे), एका प्रॉपर्टीला एक ओळ, ओळी अक्षरानुक्रमे लावलेल्या. क्रम लावायला विसरू नका, नाहीतर दोन वेळच्या फाइलींची तुलना करता येत नाही. सगळा कोड शंभर ओळींच्याही आतला. जुन्या एक्सएमएलवर तो चालवला, फाइल गिटमध्ये घातली, आणि तिलाच आमचं प्रमाण मानलं.

दुसरा कागद डीडीएलचा, म्हणजे टेबलं बनवणाऱ्या एसक्यूएलचा. जेपीएमध्ये स्कीमा-जनरेशनची सेटिंग्ज आहेत. त्यांनी टेबलं बनवण्याची स्क्रिप्ट डेटाबेसला हात न लावता नुसती फाइलमध्ये काढता येते. तीही जुन्या मॅपिंगवरून काढून ठेवली. तिसरं म्हणजे क्वेरींची संख्या. हायबरनेटचं स्टॅटिस्टिक्स चालू केलं की एका कामात किती स्टेटमेंट तयार झाली हे मोजता येतं. खातेउतारा, थकबाकी यादी, पिग्मी भरणा, दिवसअखेर अशा रोज वापरात असलेल्या कामांच्या चाचण्या लिहून प्रत्येकीचा जुना आकडा नोंदवला. नवा आकडा त्याहून वर गेला की चाचणी नापास.

ऑगस्टच्या शेवटी ॲनोटेशन लिहायला घेतली. एका वेळी एकच विभाग: आधी शाखा आणि कर्मचारी, मग सभासद, मग ठेवी, आणि सगळ्यात शेवटी कर्ज, कारण गुंता तिथे होता. प्रत्येक विभागानंतर डम्प काढायचा आणि जुन्या फाइलशी डिफ, म्हणजे ओळीओळीतला फरक, बघायचा. पहिल्याच डिफमध्ये जवळजवळ प्रत्येक कॉलमचं नाव बदललेलं दिसलं. आधी आम्ही सेशनफॅक्टरी स्वतः बनवत होतो, आता ते स्प्रिंग बूटवर सोपवलं होतं, आणि बूट आपली नेमिंग स्ट्रॅटेजी लावतं. कॉलमचं नाव मधल्या मोठ्या अक्षरासह लिहिलं असलं तर ते तिथे अंडरस्कोअर घालतं, आपण ॲनोटेशनमध्ये नाव स्पष्ट दिलेलं असलं तरीही. फिजिकल नेमिंग स्ट्रॅटेजी हायबरनेटची साधी, म्हणजे 'स्टँडर्ड इम्प्ल' नावाची, दिली आणि सगळी नावं परत जागेवर आली.

यापुढचा भाग जरा सावकाश वाचा. कर्जाच्या विभागाचा डिफ काढल्यावर ही जोडी दिसली, वरची जुनी, खालची नवी:

लोनअकाउंट · ब्रँच · मेनीटूवन · ब्रँच_आयडी · लेझी · ॲक्सेस प्रॉपर्टी
लोनअकाउंट · ब्रँच · मेनीटूवन · ब्रँच_आयडी · ईगर · ॲक्सेस फील्ड

एका ओळीत दोन फरक, आणि दोन्ही आम्ही कुठेही न लिहिलेल्या गोष्टींतले. एचबीएममध्ये मेनीटूवन नात्याला (अनेक खात्यांची एक शाखा, असं नातं) काही सांगितलं नाही तर ते लेझी असतं. जेपीएच्या ॲनोटेशनमध्ये काही सांगितलं नाही तर मेनीटूवन आणि वनटूवन ईगर असतात, आणि वनटूमेनी व मेनीटूमेनी लेझी. म्हणजे एक्सएमएलमधली ओळ शब्दशः ॲनोटेशनमध्ये उतरवली की अर्थ बदलतो. कंपाइलर बोलत नाही, व्हॅलिडेट बोलत नाही, पडद्यावरचे आकडेही बरोबर येतात.

याचा परिणाम काय होतो तो थकबाकी यादीच्या चाचणीत दिसला. एकच खातं आयडीने आणलं तर हायबरनेट ईगर नाती जॉइन करून एकाच क्वेरीत आणतं, आणि फारसं काही जाणवत नाही. पण यादीसाठी एचक्यूएल, म्हणजे हायबरनेटच्या स्वतःच्या क्वेरी भाषेत, क्वेरी लिहिली असली की ती आधी नुसती खाती आणते आणि मग प्रत्येक खात्याची ईगर नाती वेगळ्या क्वेरीने भरत बसते. शाखा थोड्याच असतात, त्या एकेकदा आल्या की सेशनमध्ये राहतात. सभासद मात्र प्रत्येक खात्याला वेगळा. सभासदाला त्याचा एजंट, एजंटला त्याची शाखा. जुन्या मॅपिंगवर जी यादी मोजक्या क्वेरींत येत होती तिथे खात्यागणिक क्वेरी जायला लागल्या. पन्नास खात्यांच्या चाचणी डेटावर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दिवसअखेरीला, सगळ्या शाखा एकदम बंद होत असताना, ते नक्की जाणवलं असतं.

आम्ही नियमच केला: प्रत्येक मेनीटूवन आणि वनटूवनवर लेझी स्पष्ट लिहायचं. जिथे यादीला सभासद खरंच लागतो तिथे त्या क्वेरीतच जॉइन फेच लिहायचं. वनटूवनबद्दल एक वेगळी अडचण आहे. ज्या बाजूला फॉरेन की नसते तिथे लेझी लिहून भागत नाही. पलीकडे ओळ आहे की नाही हे हायबरनेटला बघावंच लागतं, म्हणून ते क्वेरी करतंच, बाइटकोड एन्हान्समेंट लावलं नसेल तर. आमच्याकडे असं नातं कर्जखातं आणि तारण या दोघांत होतं. तारणाकडची बाजू ठेवली, खात्याकडची काढून टाकली आणि जिथे लागत होतं तिथे सरळ क्वेरी लिहिली.

आता त्या ओळीतला दुसरा फरक. एचबीएमचा डिफॉल्ट ॲक्सेस प्रॉपर्टी आहे, म्हणजे हायबरनेट गेटर-सेटरमधून जातं. ॲनोटेशनमध्ये आयडीचं ॲनोटेशन जिथे लिहाल त्यावरून ॲक्सेस ठरतो, आणि आजकाल सगळे ते फील्डवर लिहितात. मग हायबरनेट गेटर-सेटरला विचारतच नाही. बहुतेक क्लासमध्ये त्याने काही फरक पडत नाही, कारण सेटर रिकामेच असतात. पण सभासदाच्या नावाच्या सेटरमध्ये कुणीतरी फार पूर्वी एक सोय करून ठेवली होती. आलेलं नाव युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमधलं असेल तर तिथेच त्याचं युनिकोड करायचं. फील्ड ॲक्सेस झाला की ही सोय बंद, आणि जुन्या सभासदांच्या पासबुकावर नावाच्या जागी निरर्थक अक्षरं.

हे तपासायला बसले तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली आणि मला फार बरं वाटलं, कारण टेबलातला एक जुना गोंधळ त्यामुळे समजला. काही सभासदांची नावं टेबलातच युनिकोडमध्ये होती, काहींची जुन्या फाँटमध्ये, आणि त्यात कसलाच नियम दिसत नव्हता. नियम असा होता की हायबरनेट ओळ वाचल्यावर मूळ किंमत लक्षात ठेवतं आणि ट्रान्झॅक्शन संपताना गेटरकडून आलेल्या किमतीशी ताडून बघतं. सेटरने नाव बदललेलं असल्यामुळे ते दर वेळी 'बदललं' असंच ठरत होतं आणि गुपचूप अपडेट जात होतं. ज्या सभासदाचं खातं या वर्षांत कधीतरी व्यवहारासाठी उघडलं त्याचं नाव टेबलात सुधारलं, ज्याचं उघडलं नाही त्याचं तसंच राहिलं. त्या एका प्रॉपर्टीपुरता ॲक्सेस प्रॉपर्टीच ठेवला. पुढे नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतर, उरलेली नावं संस्थेची वेगळी लेखी परवानगी घेऊन एकदाच बदलली आणि मग तो सेटर साधा केला. तुमच्याकडे असंच रूपांतर असेल तर आधी सगळ्या गेटर-सेटरमध्ये नेमणूक आणि रिटर्न यापलीकडे काही लिहिलंय का ते शोधून काढा.

जामीनदारांचं नातं एचबीएममध्ये सेट होतं, इन्व्हर्स आणि ऑल-डिलीट-ऑर्फनसह. इन्व्हर्सच्या जागी मॅप्डबाय येतं, ऑल-डिलीट-ऑर्फनच्या जागी कॅस्केड ऑल आणि ऑर्फनरिमूव्हल. मॅप्डबायही दिलं नाही आणि जॉइनकॉलमही दिला नाही तर हायबरनेट मध्ये तिसरं टेबल आहे असं धरून चालतं. ते टेबल नसल्यामुळे व्हॅलिडेट लगेच अडवतं, म्हणून याची भीती कमी. कॅस्केडमधल्या 'सेव्ह-अपडेट'ला मात्र जेपीएत नेमका पर्याय नाही. पर्सिस्ट आणि मर्ज मिळून त्याच्या जवळपास जातात, पण कोडमध्ये जिथे सेव्हऑरअपडेट वापरलंय ती प्रत्येक जागा पाहावी लागते. आमचे सप्टेंबरचे अखेरचे दिवस त्यातच गेले.

शेऱ्यांच्या कॉलमचं सांगायलाच हवं, कारण पोस्टग्रेस वापरणाऱ्या प्रत्येकाला हे भेटणार. एचबीएममध्ये टाइप 'टेक्स्ट' होता. ॲनोटेशनमध्ये मोठ्या मजकुराला लॉब लिहायची पद्धत आहे, तसं लिहिलं. व्हॅलिडेट पास झालं. पण डम्पमध्ये टाइपच्या रकान्यात 'टेक्स्ट' जाऊन 'मटेरियलाइज्ड_क्लॉब' आलेलं दिसलं, म्हणून मुद्दाम शेरे असलेलं एक कर्जखातं उघडून पाहिलं. पडद्यावर पोस्टग्रेसची एरर आली: 'बॅड व्हॅल्यू फॉर टाइप लाँग', आणि पुढे कोलन देऊन चक्क आमच्या कर्ज विभागाचा शेरा, 'जामीनदाराचा पत्ता बदलला, नवीन पुरावा घेणे'. ड्रायव्हर त्या मजकुराला लार्ज ऑब्जेक्टचा आकडी क्रमांक समजून वाचायला गेला होता. लॉब काढला आणि ५.६ पुरता टाइप 'टेक्स्ट' असा नावाने दिला. हायबरनेट ६ मध्ये टाइप असा नावाने देता येत नाही, तिथे जेडीबीसी-टाइप-कोड या ॲनोटेशनने 'लाँग३२व्हारचार' द्यावं लागलं. होय-नाही साठवणारे एका अक्षराचे कॉलमही तसेच. जुना 'येस_नो' टाइप जाऊन तिथे येसनोकन्व्हर्टर आला.

ऑक्टोबरमध्ये डिफमध्ये एकही विनाकारण फरक उरला नाही. जे उरले त्या प्रत्येकापुढे का ते लिहिलं, डीबीए सरांची सही घेतली, आणि मग आवृत्ती बदलायला हात लावला. जावाएक्सचं जकार्ता करणं ओपनरीराइट या कोड बदलणाऱ्या साधनाने जवळजवळ आपोआप होतं. शोधाच्या पडद्यांवर मात्र बराच घाम गाळला, कारण हायबरनेटचा स्वतःचा जुना क्रायटेरिया एपीआय ६ मध्ये काढूनच टाकला आहे. ते सगळं जेपीएच्या क्रायटेरियात नव्याने लिहिलं. ते काम नुसतं कष्टाचं आहे, अवघड नाही.

अवघड होते सिक्वेन्स, म्हणजे डेटाबेसमधले नवे आयडी देणारे काउंटर. जुन्या मॅपिंगमध्ये सगळ्या टेबलांचे आयडी हायबरनेट_सिक्वेन्स या एकाच सिक्वेन्समधून, एकेकाने वाढत यायचे. हायबरनेट ६ मध्ये काही सांगितलं नाही तर प्रत्येक एंटिटीसाठी तिच्या नावाचा वेगळा सिक्वेन्स शोधला जातो आणि वाढ पन्नासची धरली जाते. आमच्याकडे दोन्ही चेहरे दिसले. जिथे जनरेटरचं नावच दिलं नव्हतं तिथे व्हॅलिडेटने 'मिसिंग सिक्वेन्स' म्हणून थांबवलं. जिथे नाव होतं पण ॲलोकेशनसाइज (ही वाढ सांगणारी सेटिंग) नव्हता तिथे मॅपिंगमध्ये पन्नास आणि डेटाबेसमध्ये एक असल्याची एरर सुरू होतानाच आली. ही एरर बंद करायचं एक सेटिंग आहे. कृपया ते वापरू नका. ती गप्प केली तर हायबरनेट सिक्वेन्सच्या एका आकड्यावरून पन्नास आयडी स्वतःच वाटतं, आणि आयडी एकमेकांवर आदळतात किंवा उणे निघतात. प्रत्येक एंटिटीवर सिक्वेन्सचं नाव आणि ॲलोकेशनसाइज एक असं लिहिलं. आधीचीच वाढ ठेवल्यामुळे जुनी जार परत लावायची वाटही खुली राहिली. डेटाबेसच्या बाजूने पडताळायचं तर पीजी_सिक्वेन्सेस या व्ह्यूमध्ये प्रत्येक सिक्वेन्सची वाढ दिसते.

व्हॅलिडेटवर किती भिस्त ठेवायची हेही याच टप्प्यात कळलं. ते टेबल, कॉलम, कॉलमचा प्रकार आणि सिक्वेन्स बघतं. नल चालतो का, लांबी किती, दशांश किती, इंडेक्स आणि फॉरेन की आहेत का, यातलं काही बघत नाही. रकमेच्या कॉलमची प्रिसिजन लिहिली नसेल तर ५ मध्ये डीडीएलला १९,२ यायचं, ६ मध्ये ३८,२ येतं. हा फरक फक्त डीडीएलच्या तुलनेत सापडला. चालू संस्थांना त्याने काही झालं नसतं, पण नव्या संस्थेचा डेटाबेस आम्ही त्याच स्क्रिप्टने उभा करतो. सगळ्या रकमांवर प्रिसिजन आणि स्केल स्पष्ट लिहून टाकले.

क्वेरींच्या आतल्या किमती बघायच्या असतील तर एक छोटी सूचना. ५ मध्ये लॉगरचं नाव टाइप-डिस्क्रिप्टर-एसक्यूएल असं होतं, ६ मध्ये ते ओआरएम-जेडीबीसी-बाइंड झालं आहे, पातळी ट्रेस. जुनं नाव सेटिंगमध्ये राहिलं तर एरर येत नाही, नुसतं काहीच छापलं जात नाही. आणि हे फक्त चाचणीच्या सर्व्हरवर चालू करा. सभासदांची माहिती लॉगमध्ये उतरते.

डिसेंबरभर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालवल्या. संस्थेच्या एका दिवसाची सगळी व्हाउचरं दोन्हींत टाकायची, दिवसअखेर करायची आणि तेरीज जुळवायची. मग महिनाअखेरचं व्याज, मग पिग्मी कमिशन. पहिल्यांदा तेरीज पैशापर्यंत जुळली तेव्हा आमच्या लेखा विभागातल्या ताई, ज्यांना हायबरनेटशी काही देणंघेणं नाही, त्याच सगळ्यात खूश झाल्या. "जुळलं म्हणजे जुळलं, आता मार्चपर्यंत हात लावू नका," असं त्यांनी बजावलं. पण मार्चमध्ये कुठलीच संस्था बदल करू देत नाही, वर्षअखेर आणि मग ऑडिट. म्हणून जानेवारीच धरला.

१८ जानेवारी २०२५, शनिवार. शाखा बंद झाल्यावर दिवसअखेर केली, पूर्ण बॅकअप घेतला, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघितला, नवी आवृत्ती लावली. व्हॅलिडेट पास. डम्प काढला, तो चाचणीच्या डम्पशी हुबेहूब. सोमवारी सकाळी मी संस्थेच्या मुख्य शाखेत जाऊन बसले. काउंटरवरच्या कुणाला काही बदललंय हे कळलंही नाही. एक मुद्दा निघाला. एका जुन्या अहवालाची क्वेरी थेट एसक्यूएलमध्ये होती आणि तिथे दोन कॉलमना एकच नाव होतं. दुपारपर्यंत तो अहवाल जुन्याच यंत्रावरून काढून दिला, संध्याकाळी क्वेरी दुरुस्त केली. गोपनीयता करारात लिहिल्याप्रमाणे फेब्रुवारीत डेटाची प्रत पुसली आणि तसं पत्र संस्थेला दिलं. ऑडिटरच्या शेऱ्यापुढे 'पूर्तता झाली' अशी नोंद झाली.

डम्पची फाइल आता कायम गिटमध्ये असते. कुणी एखादं ॲनोटेशन बदललं आणि डम्पमध्ये फरक पडला तर बिल्ड थांबतो. तो फरक मान्य असेल तर नवी फाइल कमिट करायची आणि संदेशात कारण लिहायचं. मे २०२५ मध्ये हायबरनेट ७ आलं, आणि त्याची चाचणीही याच फाइलीपासून सुरू केली आहे. बाकीच्या संस्था ऑडिटचा मोसम आटोपल्यावर एकेक करून घेतो आहोत. तिथे मॅपिंगचं काम उरलेलं नाही, फक्त सिक्वेन्सची वाढ तपासणं, व्हॅलिडेट लावणं आणि त्या संस्थेच्या सभासदांची नावं कोणत्या फाँटमध्ये आहेत ते बघणं. अर्ज आणि ठराव मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने लागतो, तो सभेच्या आधीच्या आठवड्यात पोचेल असा पाठवा.